वाचून दाखवले, बरोबर आहे

आमच्या आईला खुनाचे सिनेमे आवडतात. लोकांच्या आया चौऱ्याऐंशीव्या वर्षी मोबाईलवर कीर्तनं ऐकतात, आमच्या मातोश्रींना पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेत लागतं. प्रेत नाही पडलं तर म्हणते, "काय बाई रटाळ सिनेमा!" आणि सरळ डुलकी काढते. पस्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरीण होती. शेकडो पोरांच्या वह्या तपासल्या, चोऱ्या पकडल्या, कुणी कुणाचं बघून लिहिलंय ते नजरेनं ओळखलं. त्यामुळे खुनी ओळखणं हा तिला तिचाच धंदा वाटतो.

आमच्या घरचा एक नियम आहे. मध्यंतरात प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं. एकदा सांगितलं की बदलायचं नाही. माझा धाकटा भाऊ दर वेळी चुकतो, कारण ज्याला दाढी असेल त्याच्यावर त्याचा संशय. मी कधी बरोबर, कधी चूक. आई जवळजवळ कधीच चुकत नाही आणि ते आम्हाला विसरूही देत नाही.

गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला आम्ही तिघं ठाण्याला एका मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलेलो. भाऊ नौपाड्यात राहतो, त्याचं चष्म्याचं दुकान आहे. मी आणि आई डोंबिवलीत. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे नकोत, आणि तशी ती फार मजेदारही नाहीत. ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरात मी आणि आई दोघीच. भांडायला दुसरं कोणी नाही, म्हणून एकमेकींशी भांडतो आणि मजेत आहोत.

सिनेमा असा होता. एका इस्पितळात वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं एकेक करून मरतात. मरणारच होती, म्हणून कोणाला संशय येत नाही. एका इन्स्पेक्टर बाईला येतो. मध्यंतरात भावानं दाढीवाल्या वॉर्डबॉयचं नाव घेतलं. मी इस्टेटीवर डोळा असलेल्या जावयाचं घेतलं. आईनं तोंडातला पॉपकॉर्न गिळला आणि म्हणाली, "तो प्रेमळ डॉक्टर. सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवत हिंडतोय, तोच."

तोच निघाला. शेवटी बेड्या पडल्यावर त्यानं मोठं भाषण केलं, की मी खून केले नाहीत, मी सुटका केली, तुमची माणसं यातना भोगत होती आणि तुम्ही फळं घेऊन भेटायला येत होतात. थिएटरात काही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आमचे बंधुराज होते.

भाऊ आम्हाला डोंबिवलीला सोडायला निघाला आणि गाडीत आमची जुंपली. भाऊ म्हणाला, "डॉक्टर करेक्ट होता यार ताई. काय चुकलं त्याचं? दया केली त्यानं." मी म्हटलं, "फासावर लटकवायला पाहिजे मेल्याला. देव समजतो स्वतःला!" मला अशा वेळी कायदा आठवतो आणि आवाज चढतो. भावानं हॉर्नवर राग काढला. आई मागे बसून चष्मा पुसत होती. शिळफाट्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, तेव्हा ती बोलली.

"त्यानं विचारलं कुणाला?"

"काय?"

"सात माणसं मारली ना त्यानं. एकाला तरी विचारलं का? ती तिसरी म्हातारी तर बोलत होती. उद्या मुलगा कलिंगड आणणारे म्हणाली. हा म्हणे दया! दया करायची तर आधी विचारायचं."

कलिंगडाचं आमच्या दोघांच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोडणीचा भात करत होते. आई येऊन ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मला माझा कागद करायचाय. तू लिहून घे." कसला कागद, तर आपण बोलण्याच्या, समजण्याच्या पलीकडे गेलो आणि बरं होण्याची आशा नसली तर काय करायचं, काय नाही, हे आधीच लिहून ठेवण्याचा. आता कायद्यानं तसं करता येतं, दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो. हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पेपरातलं कात्रण तिनं ब्लाउजच्या कपाटात ठेवलेलं निघालं. मी म्हटलं, "सकाळी सकाळी काय हे! खा आधी."

पण का, ते मला माहीत होतं. आमचे बाबा कल्याणजवळ मोहनेला कारखान्यात होते. शेवटी मेंदूत रक्तस्राव झाला आणि सात आठवडे त्यांनी इस्पितळात काढले. ओळख नाही, बोलणं नाही. नाकात नळी. ती ते ओढून काढत म्हणून हात खाटेला गॉजनं बांधलेले. त्यात कोणाची चूक नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. भेटीच्या वेळेत आई गाठ सोडायची, त्यांची मनगटं चोळायची, आणि वेळ संपली की स्वतःच्या हातानं परत बांधायची. रोज. एकदा घरी येताना रिक्षात म्हणालेली, "आज जरा घट्ट बांधलं गं माझ्याकडून." तेवढंच. पुन्हा त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पण मी तिला ओळखते.

म्हणून नाष्ट्यानंतर मी वही घेऊन बसले. आई शुद्धलेखन घालते तसं सांगायला लागली, पूर्णविरामासकट. एक, माझं नाव अमुक, वय अमुक, मी पूर्ण शुद्धीत आहे, पूर्णविराम. मला हसू येत होतं आणि रडू पण. माझी पेन्सिल आपसूक चालत होती. सहा मुद्दे झाले. श्वासाचं यंत्र नको, छाती दाबून जागवणं नको, वगैरे. मग सातवा.

"सात. मला गिळता येईनासं झालं आणि बरं होण्याची आशा नसली, तर नाकातून किंवा पोटातून नळी घालून मला भरवू नये, पूर्णविराम. त्यामुळे मी उपाशी राहिले असं माझ्या मुलांनी मनाला लावून घेऊ नये, पूर्णविराम."

आणि आठवा, की हे सगळं डॉक्टरांना सांगण्याचं काम माझ्या मुलीचं.

दुपारी ती झोपली आणि मी कॉम्प्युटरवर टाईप करायला बसले. सहापर्यंत धडाधड गेले. सातव्यापाशी हात थांबले. आता मी माझीच बाजू मांडत नाही, पण जरा समजून घ्या. आमच्या घरात कोणी रागावून ताटावरून उठलं तरी मागून कोणीतरी वाटी घेऊन जातं. मला ताप आला तर ही बाई आजही मऊ भात कालवून आणते, त्यावर तूप, आणि मी एकसष्ट वर्षांची घोडी तोंड उघडते. तिला उपाशी ठेवा, हे मी डॉक्टरला सांगायचं? माझ्या तोंडानं?

मी सातवा मुद्दा गाळला. आठव्याला सात नंबर दिला. एकतीस वर्षांत जज्जसाहेबांच्या सांगण्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता मी. साक्षीदारानं शिवी दिली तर शिवी टाईप केली. आणि गंमत म्हणजे, शेवटी सहीची जागा सोडताना माझ्या बोटांनी सवयीनं आणखी एक ओळ घातली. कोर्टात साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात, त्यानं होय म्हटलं की खाली लिहितात, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' ही ओळ मी इतक्या वेळा टाईप केली आहे की ती डोक्यातून येतच नाही, बोटातून येते. मी वाचून काही दाखवलं नव्हतं. पण ओळ उमटली आणि मी ती तशीच राहू दिली.

भावाला कळवलं तर त्याचा तिळपापड. फोनवर ओरडला, "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आईला मारायचा कागद करणार तू?"

"अरे परवा तर टाळ्या वाजवत होतास!"

"पिक्चर होता तो!"

"मग हे काय आहे?"

"ही आई आहे!" म्हणाला आणि त्याचा आवाजच फुटला. मग मलाही रागावता येईना. म्हटलं, तू ये तर खरा, बाकी आईशी बोल.

ठरल्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. कोर्टाच्या बाहेर एक नोटरी बसतात, जुनी ओळख. माझ्या वेळचे दोन कारकून साक्षीला आले, अजून नोकरीत आहेत दोघं. भाऊ दुकान बंद करून आला आणि दाराशी तोंड पाडून उभा राहिला. नोटरींनी कागद हातात घेतला, वरून खाली नजर टाकली आणि म्हणाले, "मॅडमचा ड्राफ्ट आहे, बघायलाच नको. आजी, इथे सही करा."

"बघायला कसं नको?" आई म्हणाली. "पेपर न वाचता मार्क देता का तुम्ही?"

चष्मा बदलला, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. एकेक ओळ. ओठ हलत होते. मी पंख्याकडे बघत होते. माझ्या कपाळावर घाम, आणि पंखा तर डोक्यावरच होता. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, परत वर आली, परत खाली गेली. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली. मला 'बाई' म्हणाली की समजायचं, आता धडगत नाही. "मी आठ सांगितले होते. इथे सात आहेत. आणि हे खाली काय? वाचून दाखवले? कधी दाखवलंस?"

माझे दोन जुने सहकारी एकदम टेबलावरचे रबरी शिक्के न्याहाळायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा लहानपणापासूनचा दोष. मी चारचौघांत ओरडले, "नाही जमणार मला ते! काही पण सांग, पण तुला उपाशी ठेवा म्हणायचं मला नाही जमणार! दुसरं कोणी बघ त्याला!" आणि तरातरा बाहेर आले. साठी उलटलेली बाई कोर्टाच्या दारात हमसून हमसून रडते आहे, आणि बाजूला झेरॉक्सवाला विचारतोय, मॅडम, केस हरलात का?

थोड्या वेळानं आई बाहेर आली. भाऊ तिचा हात धरून होता. तिनं सही केली नव्हती. म्हणाली, "चला, आधी काहीतरी खाऊ." आम्ही रिक्षानं नौपाड्यात आलो आणि भावाच्या दुकानाजवळच्या हॉटेलात बसलो. आईनं साबुदाणा वडा मागवला. दात तिचे अर्धे खोटे, पण कुरकुरीत तिला लागतंच. दोन घास खाऊन मग म्हणाली, "त्या डॉक्टरनं प्रेमानं मारलं म्हणे. तू प्रेमानं गाळलंस. विचारलंस का मला?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको गाळू म्हणाले असते."

"मग? विचारून काय उपयोग?"

"उपयोग असा, की तुला ते ऐकावं लागलं असतं. तेच तुला नको होतं."

मी चहा ढवळत बसले. भाऊ एकदम म्हणाला, "आई, मलाही नाही जमणार. मी तर पळून जाईन." आईनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्हाला जड जाईल, हे मीही तुम्हाला विचारलं नाही. नुसतं सांगितलं. मास्तरीणपणा जात नाही माझा." मग तिनं वडा चटणीत बुडवला. "एकीवर नको. दोघांची नावं घाला. एकाची जीभ अडली तर दुसऱ्यानं बोलावं. आणि खरंच जमणार नसेल तर आत्ता सांगा, मी रागावणार नाही. पण मग कागद करायला नको, कारण बोलणारंच कोणी नाही."

भावानं माझ्याकडे बघितलं. माझी मान आधी हलली की त्याची, ते आता आठवत नाही.

तिथून जवळच्या एका टायपिंगवाल्याकडे मी बसून सगळं नव्यानं टाईप केलं. आठही मुद्दे. आणि या वेळी वाचून दाखवलं, भावाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, चष्म्यांच्या डब्यांमध्ये बसून. सातव्याला माझा आवाज बसला. भावानं कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचं त्यानं वाचलं, 'मनाला लावून घेऊ नये' इथपर्यंत. त्याचंही वाचन काही धड नव्हतं. आई म्हणाली, "बरोबर आहे." मग नोटरींकडे परत गेलो आणि तिनं ठणठणीत अक्षरात सही केली. परतताना तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं आणखी एक खुनाचा सिनेमा बघू या म्हणून हट्ट धरला. आम्ही हात जोडले.

कागदाची एक प्रत आमच्या डॉक्टरांकडे, एक भावाकडे, एक माझ्या पर्समध्ये. बाकी आयुष्य होतं तसं चालू. दूधवाल्याशी वाद, सोसायटीच्या मीटिंगा, मोदक कोणाच्या हातचे चांगले यावरून आमचं भांडण. खरं सांगायचं तर कागद झाल्यावर मला छान झोप लागायला लागली. का, ते विचारू नका.

दिवाळीनंतर आईला न्यूमोनिया झाला. ती नवव्या दिवशी घरी आली, हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना ताटकळत ठेवणं मला आवडत नाही, ते सिनेमावाल्यांनी करावं. पण त्या दुपारी मला हे माहीत नव्हतं. भाऊ ठाण्याहून निघाला होता, अजून पोचला नव्हता. अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक तरुण डॉक्टर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की ऑक्सिजन खाली जातोय, आधी घट्ट मास्क लावून बघू, नाही भागलं तर काही दिवस व्हेंटिलेटर लागेल. "तुमचं काय म्हणणं आहे?"

माझे कान बंद झाले. व्हेंटिलेटर एवढा एकच शब्द ऐकू आला. मी पर्स उघडली, कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. आज्ञाधारकपणे. एक शब्द न गाळता. मनात म्हटलं, बघ आई, जमलं मला, बोलले मी. माझे हात थंडगार पडलेले.

डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या सगळा कागद वाचला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, हा त्या बोलू शकत नसतील आणि बऱ्या होणार नसतील तेव्हासाठी आहे. त्या बऱ्या होण्याची शक्यता चांगली आहे. आणि बोलतायत की! आत्ताच सिस्टरना म्हणाल्या, उशी वर घ्या, वाकडी आहे."

मला वाटलं, धरणी दुभंगावी. आधी लाडानं गाळलं, आता भीतीनं सगळं देऊन मोकळी झाले. दोन्ही वेळा ती शेजारच्याच खोलीत होती आणि दोन्ही वेळा मी तिला सोडून बाकी सगळ्यांशी बोलले. कसली एकतीस वर्षांची नोकरी आणि कसलं काय!

मी आत गेले. आई बसलेली होती, खांदे वरखाली होत होते, ओठ निळसर. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे काय चाललंय बाहेर? मी तिच्या पलंगाच्या कडेला टेकले आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं, मास्कचं, यंत्राचं, शक्यतेचं. काही लपवलं नाही. आणि मग म्हटलं, "आई, काय करायचं? तू सांग."

ती जरा वेळ श्वास घेत राहिली. नुसता श्वास घेणं हेच तिला काम झालं होतं.

"बरी होईन म्हणते?"

"चांगली शक्यता आहे म्हणते."

"मग मास्क लाव." श्वास. "लागलं तर यंत्रही. चार दिवस." श्वास. "पाचव्या दिवशी मला परत विचारा."

"आणि तू बोलू शकत नसलीस तर?"

"मग तुम्ही दोघं आहातच की."

मी मान हलवली. सिस्टर मास्क घेऊन आली, पट्टे सोडवायला लागली. आईनं माझं मनगट धरलं. तिचे हात माझ्याहून गरम होते.

"घाबरलीस?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

"मीपण," आई म्हणाली, आणि मास्क लावून घ्यायला मान पुढे केली.